सर्व्हरच्या खोलीत कोण गेलं होतं

त्या दिवशी सकाळी आठला गेलेली लाईट अकराला आली आणि साडेअकराला शंभू रक्ताची नळी घेऊन आला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी तसा काडीचा संबंध नव्हता. पण पुढच्या दीड तासात तो असा जुळून आला, की बब्रुवान त्याचा हिशोब अजून करतोय.

बब्रुवान म्हणजे धाराशिवातल्या एका लहानशा रक्तपेढीतला सेवक. फरशी पुसायची, रक्ताच्या पिशव्यांची पेटी सायकलीला बांधून दवाखान्यात पोचवायची, रक्तदात्याला चहा-बिस्कीट द्यायचं आणि सुई बघून ज्याचे डोळे फिरतात त्याचे पाय वर धरून बसायचं, हे त्याचं काम. चौदा वर्षं करत होता, आणि चौदाही वर्षं कंत्राटावर. दर अकरा महिन्यांनी नवा कागद, नवी सही, नवी धाकधूक. यंदा मात्र पेढीचे मुख्य डॉक्टर गोपाळकृष्ण यांनी कायम करायच्या यादीत त्याचं नाव घातलं होतं. यादी दिवाळीनंतर वर जाणार होती. तोवर काही वेडंवाकडं होऊ नये म्हणून हा बाबा चहाचा कपसुद्धा दोन हातांनी उचलायचा.

शंभू तेरखेड्याचा. फटाक्याच्या कारखान्यात वाती वळायच्या कामावर होता, बोटांची कड कायमची काळी. त्याची बायको शिवकन्या पहिलटकरीण. दोन गल्ल्या सोडून असलेल्या बाळंतपणाच्या दवाखान्यात सकाळी दहाला मुलगी झाली, मुलगी ठणठणीत, पण आईचं रक्त थांबेना. डॉक्टरीणबाईंनी नळीत रक्त काढून दिलं आणि शंभूला पळवलं.

गोपाळकृष्ण डॉक्टरांनी ते रक्त पेढीतल्या पिशव्यांशी जुळवून बघितलं. ओ गटाच्या सात पिशव्या होत्या. सातही जुळल्या नाहीत. काचेच्या पट्टीवर रक्ताच्या गुठळ्या झाल्या. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बॉम्बे ग्रुप आहे."

हा गट हजारो माणसांत एखाद्याचा. वरवर ओ दिसतो, पण ओचं रक्त दिलं तर माणूस दगावतो. त्याला त्याच गटाचं रक्त लागतं आणि ते फ्रीजमध्ये पडून नसतं, चालत्याबोलत्या माणसाच्या अंगात असतं. अशी तीन माणसं पेढीच्या यादीत होती. नावं, गावं, फोन सगळं लिहिलेलं होतं, पण ते होतं सर्व्हरमध्ये. आणि सर्व्हर सकाळी लाईट गेली तेव्हा बंद पडला होता, कारण जनरेटर फक्त फ्रीजना जोडलेला.

"निवेदिता, तीन नावं काढ. लगेच," डॉक्टर म्हणाले.

निवेदिता मॅडम तुळजापूरच्या. घरात तीन पिढ्या मास्तर नाहीतर कारकून, त्यामुळं कागद जपायची खोड रक्तातच. पेढीतला प्रत्येक संगणक तिच्या हाताखालचा. सर्व्हर म्हणजे एका कोपऱ्यातल्या खोलीत, लोखंडी कपाटात बसवलेला मोठा संगणक. वर्षभर तो एकटाच घुं घुं करत असतो, त्याला पडदा लागत नाही, कीबोर्ड लागत नाही. बंद पडून परत चालू झाला तरच मॅडम पुढच्या बाजूच्या यूएसबीच्या भोकात कीबोर्ड खुपसते आणि बावीस अक्षरांचा पासवर्ड घालते. तो घातल्याशिवाय आतलं काही उघडत नाही. रक्तदात्यांची माहिती चोरीला जाऊ नये म्हणून तिनंच हे कुलूप बसवलं होतं, आणि दहा वेळा चुकला तर आतलं सगळं पुसलं जाईल असंही तिनंच ठरवलं होतं. दुसरी प्रत काढून बाहेर ठेवायची होती. ती राहून गेली होती. अशा गोष्टी राहूनच जातात.

बब्रुवान दाराशी उभा राहिला. सांगितलं तर पळायला माणूस हवा म्हणून.

मॅडमनं पासवर्ड घातला. हा पासवर्ड घालताना पडद्यावर काही उमटत नाही, अक्षर नाही की ठिपका नाही. चूक आला. परत घातला. चूक. तिसऱ्यांदा जरा थांबून घातला. चूक. तीन झाले की यंत्र स्वतःच बंद होऊन पहिल्यापासून चालू व्हायचं आणि त्याला आठ मिनिटं लागायची. पंखे एकदम जोरात फिरायला लागले. खोलीत उभं राहवेना एवढा आवाज.

"घाईत झालं असेल," मॅडम म्हणाली, पण तिचं लक्ष पडद्यावर होतं. चालू होताना यंत्रानं एक बटण दाबायला सांगितलं. तिनं दाबलं, काही झालं नाही. परत दाबलं, नाही. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा ते पुढं सरकलं.

"कीबोर्ड अक्षरं खातोय," ती म्हणाली. "मी चार दाबते, आत तीनच पोचतात. बब्रुवानमामा, प्रयोगशाळेतला कीबोर्ड काढून आणा."

बब्रुवान पळाला. तो लावला. चौथ्यांदा चूक. मग कीबोर्ड शेजारच्या दुसऱ्या भोकात लावला. पाचव्यांदा चूक. पावतीच्या टेबलावरचा तिसरा कीबोर्ड आणला. सहाव्यांदा चूक, आणि यंत्र परत आठ मिनिटांसाठी बसलं.

मॅडमनं तिन्ही कीबोर्ड एकेक करून प्रयोगशाळेतल्या संगणकाला लावून बघितले. तिथं सगळी अक्षरं नीट उमटत होती, एक चुकत नव्हतं. ती परत येऊन खुर्चीत बसली आणि स्वतःशीच बोलल्यागत म्हणाली, "कीबोर्ड चांगले आहेत. भोकंही दोन्ही बघितली, दोन्हीकडं तेच. एक खराब झालं असतं, तर दुसरं चाललं असतं. म्हणजे दोष आतल्या पाटीत, मदरबोर्डात आहे. मागच्या बाजूला लावूनही उपयोग नाही."

बब्रुवान दारातून एक पाऊल मागं सरकला तो इथं.

कारण त्या दोन्ही भोकांचं त्याला माहीत होतं. पाच दिवसांमागं खंडेनवमी होती. त्या दिवशी शेतकरी नांगराची पूजा करतो, सुतार रंध्याची, ड्रायव्हर गाडीची. ज्याच्यावर पोट चालतं त्याला हात जोडायचे, ही आपल्याकडची रीत. बब्रुवान दरवर्षी पेढीतल्या फ्रीजना, रक्त फिरवायच्या यंत्राला, आपल्या सायकलीला हळदकुंकू लावायचा. सर्व्हरच्या खोलीत जायचं नाही असा दंडक होता. 'आत पाणी नेऊ नये' असा कागद दारावर होता आणि तो चिकटवलेला खुद्द बब्रुवाननंच. पण मॅडम सुट्टीवर, चावी त्याच्याकडं, आणि यंदा कायम व्हायचं वर्ष. त्याला वाटलं, सगळ्यांची पूजा झाली आणि ज्याच्यात पेढीचा जीव आहे तोच तेवढा राहिला, हे बरं दिसत नाही. त्यानं कपाटाचं पुढचं दार उघडलं, आईच्या तुळजापुराहून आणलेलं कुंकू यंत्राच्या कपाळाला लावलं, म्हणजे जिथं कपाळ असावं असं त्याला वाटलं तिथं. दारात नारळ फोडला आणि त्याचं पाणी फुलानं शिंपडलं. ओघळ खाली आले तेव्हा घाबरून ओल्या फडक्यानं पुसून काढले. पुसताना फडकं त्या दोन चौकोनी भोकांवरून चांगलं दाबून फिरलं होतं. झेंडूची पाकळी तेवढी चिमटीनं उचलून खिशात टाकली आणि दार लावून घेतलं.

आता ते सगळं डोळ्यांपुढं आलं. नारळाचं पाणी, कुंकू, फडकं. एक नव्हे, दोन्ही भोकं.

सांगावं, असं त्याच्या मनात आलं. शपथेवर सांगतो, आलं होतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात गोपाळकृष्ण डॉक्टर आत आले. त्यांचे लातूरला, सोलापूरला, पुण्याला फोन लावून झाले होते. पुण्यात एक दाता होता, पण यायला सहा तास. डॉक्टरांचा चेहरा कधी नाही एवढा उतरला होता. त्यांनी यंत्राकडं बघितलं, मॅडमकडं बघितलं आणि विचारलं, "या खोलीत कुणी गेलं होतं का?"

"मी सुट्टीवर होते," मॅडम म्हणाली. "चावी मामांकडं होती."

डॉक्टर बब्रुवानकडं वळले. "कोण गेलं होतं?"

"कुनीच न्हाय, साहेब," बब्रुवान म्हणाला.

शब्द तोंडातून गेले आणि त्याचे त्यालाच ऐकू आले. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. हे त्याला पक्कं आठवतं, कारण डॉक्टरांच्या डोळ्यांत बघायचं टाळायला त्यानं घड्याळाकडं बघितलं होतं.

खोटं बोलण्याची गंमत अशी, की बोलेपर्यंत माणूस नुसता भित्रा असतो. बोलला की गुन्हेगार होतो. आधी सांगितलं असतं तर नुसतं वेडेपणाचं काम ठरलं असतं, आता सांगायचं तर दोन गोष्टी सांगाव्या लागणार, पूजेची आणि खोट्याची. चौदा वर्षं, यादी, दिवाळी, सगळं त्याच्या डोक्यात गरगरायला लागलं. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, दुसरी भीती बसली होती. ती बाई मेली तर?

त्यानं स्वतःची समजूत काढायचा प्रयत्न केला. पाण्यानंच झालं कशावरून? मॅडम शिकलेली, ती म्हणते दोष आतल्या पाटीत. आपण अडाणी माणसानं मधे तोंड घालून तिचा गोंधळ कशाला वाढवायचा? पाच दिवस यंत्र चाललंच की. अशी दहा कारणं त्यानं गोळा केली, आणि दहाही त्याला पटली नाहीत.

मॅडमनं सातव्यांदा पासवर्ड घातला. एकेक अक्षर दाबून, मधे श्वास घेऊन. चूक. मग तिनं हात मांडीवर ठेवले.

"आता मला माझीच खात्री नाही," ती डॉक्टरांना म्हणाली. "बटण अक्षर खातंय की मी विसरलेय, कळेना झालंय. सहा महिन्यांमागं बदलला होता. शेवटी एक आकडा होता, तो चार का सात?"

"लिहून ठेवला नाहीस?"

"पासवर्ड नाही. पण आठवण राहावी म्हणून घरच्या डायरीत खूण केली होती."

तिनं तुळजापूरला आईला फोन लावला. चारुशीलाबाई घरी होत्या. फोन मोठ्यानं बोलणारा करून मॅडम सांगत होती, आई, निळ्या पाठीची डायरी, माझ्या कपाटात खालच्या खणात. तिकडून बाई म्हणत होत्या, खालच्या खणात तर तुझ्या साड्या आहेत गं. मग वरचा खण, मग पलंगाखालची पेटी. कपाट उघडल्याचा, भांडं पडल्याचा, कुणाला तरी बाजूला हो म्हटल्याचा आवाज येत होता. एक-एक मिनिट तिकडं तुळजापुरात साड्यांच्या घड्या उलगडत होतं आणि इकडं बब्रुवान दाराच्या चौकटीला धरून उभा होता. डायरी सापडली तेव्हा पंधरा मिनिटं गेली होती. खुणेवरून आकडा सात निघाला. सात घालून आठव्यांदा केलं.

चूक.

"दोनच राहिले," मॅडम म्हणाली. "आता मी हात लावणार नाही, सर. अजून दोन चुकले, तर ती तीन नावं कायमची गेली. या बाईची गेली आणि पुढं कुणाला लागली तर त्याचीही. कंपनीचा माणूस बोलवा."

"तो कधी येणार?"

"संध्याकाळी सहापर्यंत."

डॉक्टर बाळंतपणाच्या दवाखान्यात फोन लावायला बाहेर गेले, आणि त्यांच्या मागं बब्रुवानही गेला, कारण त्या खोलीत मॅडमसमोर त्याला थांबवेना.

बाहेर बाकावर शंभू बसला होता. त्याला नुसतं बसायला सांगितलं होतं, म्हणून बसला होता. बब्रुवानला बघून उठला.

"मामा, नावं निघाली का?"

"निघत्यात."

"मघाशी जाऊन आलो. पाय वर करून ठिवलंय तिला. लई तहान लागलीय म्हणती, पर पानी द्यायचं न्हाय म्हणं. हात पार गार पडलेत." तो असं सांगत होता जसं दुसऱ्याच कुणाचं सांगतोय. मग जरा घुटमळला. "मामा, एक विचारू का? तुमच्यापाशी आईचं कुंकू हाय का? तुळजापूरचं. इथं कुनाच्या तरी खिशात असंल असं वाटलं. तिच्या कपाळाला लावून येतो. दुसरं काय मला करता येतंय?"

बब्रुवानचा हात सवयीनं खिशात गेला. पुडी होती. तीच पुडी, नवमीची, कागद जरा ओला होऊन वाळलेला. त्यानं ती बाहेर काढली आणि शंभूच्या काळ्या बोटांच्या पुढं धरली, आणि त्याला ती देता येईना. ज्या कुंकवानं वाट अडवली तेच हा पोरगा बायकोच्या कपाळाला लावायला मागतोय, आणि आपण वर पुण्य घेऊन बसणार, हे त्याच्यानं सोसवेना.

"थांब जरा," तो म्हणाला आणि पुडी मुठीत घेऊन आत गेला. घड्याळात बारा पंचावन्न झाले होते.

मॅडम तशीच खुर्चीत बसली होती. बब्रुवाननं पुडी टेबलावर ठेवली.

"मॅडम, खोलीत म्या गेलतो."

तिनं वर बघितलं.

"खंडेनवमीला. पूजा केली. नारळाचं पानी शिंपडलं, मग वल्ल्या फडक्यानं पुसलं. त्या भोकांवरनं पुसलं. दोन्ही. साहेबास्नी म्या खोटं सांगितलं."

फोन करून परत आलेल्या डॉक्टरांनीही दारातून ते ऐकलं. त्याला वाटलं होतं, मॅडम ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती झटक्यात उठली, मोबाईलची बॅटरी लावून कपाटापुढं गुडघ्यावर बसली आणि भोकात बघितलं. आतल्या पितळी पट्ट्यांवर लाल, चिकट, वाळलेलं काहीतरी बसलं होतं. दुसऱ्यातही तेच.

"म्हणजे आतली पाटी चांगली असेल," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम बदलला. "नुसती ही दोन भोकंच गेलीत. मागची कोरडी असतील. मामा, कपाट ओढायचं. शंभूला बोलवा. सर, तुम्हीही या."

कपाट भिंतीला टेकवून ठेवलेलं. मागं बोट जात नव्हतं. चौघांनी मिळून ओढलं तेव्हा फरशीवर पांढऱ्या रेघा उठल्या. शंभूला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण त्यानं खांदा लावला तसा कपाटानं जागा सोडली. मॅडम भिंत आणि कपाट यांच्यामधे आडवी शिरली आणि चाचपडत कीबोर्डची वायर मागच्या भोकात लावली. मग यंत्र परत चालू केलं. परत आठ मिनिटं. पंख्यांचा आवाज वाढला, कमी झाला, परत वाढला.

या वेळी मॅडमनं पासवर्डच्या दारात न जाता आधी यंत्राच्या सेटिंगचं पान उघडलं. तिथं यंत्राला नाव द्यायचा एक रकाना होता, त्यात टाइप केलेलं डोळ्यांना दिसायचं. तिनं इंग्रजीत तुळजापूर लिहिलं. सगळी अक्षरं आली. परत लिहिलं, वेगानं. आली. धाराशिव लिहिलं. आलं.

"हे मी पहिल्यांदाच करायला हवं होतं," ती म्हणाली. "आठ मिनिटं वाचवायला गेले आणि तासभर घालवला. घाबरले मी."

मग तिनं त्या उघड्या रकान्यात पासवर्ड लिहिला, सगळ्यांच्या देखत, बावीसही अक्षरं. वाचून बघितली. एक-एक अक्षरावर बोट ठेवलं. पुसून टाकली. बब्रुवाननं ती वाचली होती, त्याला इंग्रजी अक्षरं येत होती, आणि इतका विश्वास आपल्यावर कशासाठी, असं वाटून त्यानं नजर खाली घेतली.

आता खरं दार. कीबोर्ड खरा होता, हे कळलं होतं. पण आठवण खरी होती का, हे फक्त दारच सांगणार होतं. मॅडमनं नवव्यांदा पासवर्ड घातला. शेवटचं बटण दाबायच्या आधी तिचं बोट हवेत थांबलं, इतका वेळ थांबलं, की डॉक्टर म्हणाले, "दाब गं."

तिनं दाबलं. पडदा काळा झाला. बब्रुवाननं डोळे मिटले. त्यानं कुठल्याही देवाचं नाव घेतलं नाही, घ्यायची त्याला लाज वाटली. डोळे उघडले तेव्हा पडद्यावर पांढऱ्या ओळी धावत होत्या आणि मॅडमनं तोंडावर हात दाबून धरला होता.

तीन नावं निघाली. पहिला फोन बंद. दुसरी मुलगी शिकायला नागपूरला गेलेली. तिसरा सोमलिंग, नळदुर्गच्या पुढं हायवेला ट्रकची टायरं काढणारा. फोन त्यानं दुसऱ्या घंटीला उचलला. सगळं ऐकून घेतलं, एकच विचारलं, "जेवून येऊ का तसाच येऊ?" डॉक्टर म्हणाले, तसाच या. हैदराबादहून आलेल्या एका गाडीवाल्याला हात करून तो अडीचला पेढीत पोचला. अंगाला टायरचा वास, मनगटापर्यंत काळं. खुर्चीत बसला, बाही वर केली आणि भिंतीकडं बघत बसला, कारण एवढ्या धिप्पाड गड्यालाही सुई बघवत नव्हती. बब्रुवाननं त्याचे पाय वर धरले.

तपासण्या उरकून पिशवी तयार झाली तेव्हा सव्वातीन झाले होते. बब्रुवाननं ती सायकलीवर नेली नाही, छातीशी धरून दोन गल्ल्या पळत नेली.

शिवकन्या वाचली. संध्याकाळी कळलं, ती शुद्धीवर आली आणि पहिलं पाणी मागितलं.

मॅडमनं अहवाल लिहिला. त्यात 'पुढच्या यूएसबी जोडणीत धूळ व ओल' एवढंच होतं. पूजेचा शब्द नाही, खोट्याचा नाही. डॉक्टरांनी वाचून सही केली. बब्रुवान त्यांच्यासमोर मान खाली घालून उभा होता तेव्हा ते म्हणाले, "वेडेपणा केलास. पण तोंड उघडलंस म्हणून निभावलं. यादीतून नाव काढत नाही." मॅडमही तेच म्हणाली, "तुम्ही सांगितलंत म्हणून झालं, मामा."

दोघंही असं बोलत होते जसं त्यानं सांगितलं हेच महत्त्वाचं. कधी सांगितलं, हे कुणी विचारलं नाही. त्यानं मात्र रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या हिशोब केला होता. बारा पंचवीस ते बारा पंचावन्न. बरोबर अर्धा तास. बाई वाचली, म्हणजे त्या अर्ध्या तासानं कुणाचं काही बिघडलं नाही, असं तो स्वतःला सांगत राहिला. तरी दवाखान्याच्या गल्लीतून जायचं त्यानं टाळलं, लांबच्या रस्त्यानं जायला लागला.

नवव्या दिवशी शंभू पेढ्यांचा पुडा घेऊन आला. दाढी केलेली, अंगात धुतलेला शर्ट. डॉक्टरांना, मॅडमला पेढे देऊन झाले आणि तो बब्रुवानला शोधत मागच्या मोरीपाशी आला.

"मामा, आज सोडत्यात घरी. म्हटलं तुमास्नी भेटल्याबगर जायचं न्हाय." त्यानं पेढा बब्रुवानच्या हातावर ठेवला. "त्या दिवशी तुमी आत गेला आणि मगच यंत्र उघडलं. म्या बघितलं की."

"बाई कशी हाय?"

"बरी हाय. पोरगी तर लई रडती." तो हसला, आणि हसता हसता थांबला. "गर्भाची पिशवी काढली तिची. आता दुसरं लेकरू व्हायचं न्हाय. रक्त थांबंना आणि द्यायला रक्त न्हाय, मग डॉक्टरीणबाईनं किती येळ वाट बघायची? पावणेतीनला आत घेतली. बाई म्हणल्या, रक्ताची पिशवी अर्ध्या तासानं उशिरा आली. तेवढा अर्धा तास आधी रक्त हाताशी असतं, तर काढावी लागली नसती. तिला अजून सांगितलं न्हाय म्या. घरी गेल्यावर सांगीन." त्यानं डोळे पुसले नाहीत, नुसती मान हलवली. "जाऊ द्या. जित्ती हाय. न्हायतर लेकीला घेऊन एकटाच गेलो असतो. खावा की मामा, पेढा."

बब्रुवानच्या हातावर पेढा होता. मॅडमला माहीत होतं ते तिनं कागदावर येऊ दिलं नव्हतं, डॉक्टरांनी सही केली होती, नाव यादीत होतं. हा माणूस दहा मिनिटांत बायकोला घेऊन एसटीत बसणार होता आणि परत कधी दिसणार नव्हता. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प कसं बसायचं ते बब्रुवानला आता चांगलं ठाऊक होतं. भीतीही तीच होती.

या वेळी मात्र त्यानं वेळ लावला नाही.

"शंभू, त्यो अर्धा तास म्या खाल्ला," तो म्हणाला. "यंत्रात पानी माझ्या हातनं गेलतं. साहेबांनी इचारलं तवा म्या न्हाय म्हणलो. नोकरी जाईल म्हणून भ्यालो. अर्धा तास दारात उभा हुतो, सगळं ठाऊक असून."

शंभू त्याच्याकडं बघत राहिला. एकदा वाटलं तो मारेल, आणि बब्रुवाननं हात वर केले नाहीत. शंभूनं हात पुढं करून बब्रुवानच्या तळहातावरचा पेढा उचलला, पुड्यात परत ठेवला, पुड्याचा दोरा गाठ मारून बांधला आणि बायकोला घरी न्यायला निघून गेला.